सतराव्या प्रश्नाचं उत्तर

फॉर्मवर सतरा प्रश्न होते आणि त्यांतल्या सोळांची उत्तरं श्रेयसने अगदी खरी दिली होती. सतरातले सोळा म्हणजे चौऱ्याण्णव टक्के. एवढ्या मार्कांवर माणसाला इंजिनीअरिंगला हसत प्रवेश मिळतो.

सतरावा प्रश्न असा होता: 'बाळाच्या तोंडात, बाटलीतल्या दुधाखेरीज, तुम्ही काही घातलंत का?' पुढे दोन चौकोन. श्रेयसने 'नाही'च्या चौकोनात टिचकी मारली होती.

बाळाचं नाव सिल्व्हेरियो. वय अडीच महिने, वजन सव्वाचार किलो. नावच त्याच्यापेक्षा जड होतं. मेक्सिकोत, पुएब्ला शहरापासून दोन तासांवरच्या एका गावात, भाजीबाजार उठल्यावर टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटमध्ये ते सापडलं होतं. तिथून ते मादरे इनेसच्या, म्हणजे मदर इनेसच्या, अनाथाश्रमात आलं. आता मात्र ते आजारी पडलं होतं आणि त्याला काय झालंय ते कुणालाच कळत नव्हतं. म्हणून तर तो फॉर्म. मागच्या महिन्यात आश्रमात राबून गेलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाला तो आला होता, आणि श्रेयसला आला होता दोहामध्ये, नजमा भागातल्या खोलीत, मंगळवारी संध्याकाळी तो मोजे वाळत घालत असताना.

श्रेयस गोवर्धने डॉक्टर नव्हता, हे आत्ताच सांगितलेलं बरं, कारण पुढे याच्या उलट बरंच काही छापून येणार आहे. हॉस्पिटलांतली मशिनं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला होता. वर्षाची सगळी सुट्टी एकदम काढून तो सतरा दिवस एका मेडिकल मिशनबरोबर मेक्सिकोला गेला. डॉक्टरांनी मुलं तपासली, याने मशिनं. आधी वाफेने उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र, मग दोन वजनकाटे, मग स्वयंपाकघरातला मिक्सर, आणि शेवटी सिस्टर लोकांचं वॉशिंग मशीन. मिशनच्या यादीत त्याच्या नावापुढे 'टेक्निकल सपोर्ट' लिहिलेलं होतं. मादरे इनेस त्याला सरळ 'सेन्योर लावादोरा' म्हणायची, म्हणजे वॉशिंग मशीनवाले साहेब.

संध्याकाळी मशिनं संपली की तो तान्ह्या मुलांच्या खोलीत जाऊन बसायचा. अकरा पाळणे. तिथला नियम भिंतीवर दोन भाषांत आणि वर चित्र काढून लावलेला होता: उचला, झुलवा, गाणं म्हणा (कसंही म्हणा), पण तोंडात काही घालू नका. श्रेयस गाणं कसंही म्हणायचा. बाकीची दहा मुलं ते ऐकून रडायची, सिल्व्हेरियो त्याचं बोट धरून छताकडे बघत राहायचा. नजम्यात तीन वर्षं काढलेल्या माणसाचं बोट कुणी असं धरत नाही. पहिल्या आठवड्यातच श्रेयस स्वतःला मनातल्या मनात त्याचा मामा म्हणायला लागला होता.

बाराव्या दिवशी त्याने आईला व्हिडिओ कॉलवर भाचा दाखवला. आई नाशिकला.

"अगंबाई, गोड आहे रे! याला मध चाटवला का कुणी?"

"कोण चाटवणार आई? त्याला कुणीच नाहीये."

"म्हणजे तसाच आहे? कोरडा?" आईचा आवाज असा झाला, जणू बाळाला कुणी कपडेच घातले नव्हते. "अरे, जन्मल्या लेकराच्या जिभेला मध लागू नये? तुझ्या हातात आजीची अंगठी आहे ना? सोन्याने चाटवायचा. तू मामा ना त्याचा? मग."

स्वयंपाकघरात मधाची बाटली होती. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. श्रेयसने भिंतीवरच्या नियमाकडे एकदा पाहिलं, पण नियम स्पॅनिश आणि इंग्रजीत होता आणि आई मराठीत.

"उजव्या हाताने रे, उजव्या! हं. अस्सं. थांब, हलू नकोस, फोटो काढते."

आईने स्क्रीनचाच फोटो काढला. त्यात श्रेयस, बाळ, मधाने चकाकणारी अंगठी आणि कोपऱ्यातल्या चौकटीत आईची अर्धी हनुवटी असं सगळं आलं.

मंगळवारी फॉर्म भरताना सतराव्या प्रश्नापाशी तो थांबला, नाही असं नाही. त्याचा खोलीतला जोडीदार खलील पलंगावर बसून नखं कापत होता. खलीलला आखातात अकरा वर्षं झाली होती.

"क्या सोच रहा है?" खलील म्हणाला.

श्रेयसने सांगितलं.

"अरे, 'नो' मार. फॉर्म में कभी 'यस' नहीं मारने का. बंदूक है? नो. बीमारी है? नो. सूटकेस किसी और ने पॅक किया? नो. मैंने ग्यारह साल में एक 'यस' मारा, मॅरीड वाला, उस में भी तीन कागज और मांगा. नो मार, खलास."

खलीलला दोष देण्यात अर्थ नाही. व्हिसा, मेडिकल, कस्टम, बँक असे शेकडो फॉर्म भरून आखातातल्या माणसाचा अंगठा आपोआप 'नाही'वर जाऊन बसतो. श्रेयसचाही गेला. शिवाय थेंबभर मध. त्याला स्वतःला चाटवला होता, त्याच्या वडिलांना चाटवला होता, अख्ख्या नाशिक जिल्ह्याला चाटवला असेल. सगळे जगले. वडील पुढे वारले, पण ते मधाने नव्हे.

फॉर्म पाठवून दिला. नियम मोडल्याची लाज झाकली गेली, एवढंच त्याला वाटलं.

मग मादरे इनेसचे मेसेज यायला लागले. ती ते सगळ्या स्वयंसेवकांच्या ग्रुपवर टाकायची आणि श्रेयस फोनमधल्या भाषांतराला घालून वाचायचा. सिल्व्हेरियोला कितीतरी दिवसांत शी झालेली नाही. सिल्व्हेरियोचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा बारीक झालाय. सिल्व्हेरियोच्या पापण्या वर होत नाहीत. गुरुवारी: बाटली ओढत नाही, जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नेलं, डॉक्टर म्हणतात कसलंतरी इन्फेक्शन आहे, पण कसलं ते समजत नाही. शुक्रवारी दुपारी: श्वास नीट नाही, प्रार्थना करा.

श्रेयसने हात जोडलेल्याचं चित्र पाठवलं आणि इस्त्री करायला घेतली. कारण शुक्रवारी संध्याकाळी त्याचा सत्कार होता.

*

सत्कार दोहातल्याच अल हिलाल भागात, एका व्हिला कंपाउंडच्या हॉलमध्ये. स्टेजवर बॅनर: 'मेक्सिकोतील अनाथ बालकांचे तारणहार डॉ. श्रेयस गोवर्धने यांचा भव्य सत्कार'. भव्य म्हणजे एकंदर त्रेचाळीस माणसं, लहान मुलं धरून.

"काका, मी डॉक्टर नाहीये," श्रेयस दारातच म्हणाला.

वसंतराव हे मराठी मंडळींच्या या घोळक्याचे अध्यक्ष. तेलाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, राहायला द पर्लवर, म्हणजे दोहातल्या श्रीमंतांच्या बेटावर. त्यांनी बॅनरकडे पाहिलं, श्रेयसकडे पाहिलं आणि दोघांत बॅनर पक्का ठरवला.

"छापून झालंय रे आता. आणि तू हॉस्पिटलातच असतोस ना दिवसभर?"

"मशीन दुरुस्त करतो."

"मग मशीनचा डॉक्टर. झालं की. यल्ला, चल, बस पुढच्या रांगेत."

वसंतरावांची बायको विजयालक्ष्मीकाकू. त्या आणि श्रेयसची आई नाशिकला एकाच शाळेत शिक्षिका होत्या. सत्काराची कल्पना त्यांचीच, आणि फोटोंचा स्लाइड शोही त्यांनीच केला होता. फोटो अर्थातच नाशिकहून आले होते.

शाल झाली, नारळ झाला. मग दिवे मंद झाले. पहिल्या स्लाइडवर श्रेयस आणि वजनकाटा. दुसरीवर श्रेयस आणि वॉशिंग मशीन, खाली ओळ: 'अत्याधुनिक उपकरणांसह'. टाळ्या. सहावी स्लाइड आली आणि श्रेयसच्या हातातला नारळ एकदम जड झाला.

भिंतभर सिल्व्हेरियो. उघडे टपोरे डोळे, बाहेर काढलेली जीभ, मधाने चकाकणारी अंगठी, आणि कोपऱ्यात अर्धी हनुवटी.

"अय्या, सोन्याच्या अंगठीने!" मागून कुणीतरी म्हणालं. हॉलभर कौतुकाची कुजबुज झाली. सगळ्यांत मोठ्या टाळ्या याच स्लाइडला पडल्या.

विजयालक्ष्मीकाकू माइक घेऊन उभ्या राहिल्या. "आता कार्यक्रमपत्रिकेत 'सरप्राइज' असं लिहिलंय, त्याची वेळ झाली." त्यांनी पर्समधून मधाची छोटी बाटली काढली, मग चांदीची वाटी काढली. "आमच्या नातवाला आज साडेतीन महिने झाले. आमच्या घरात काही लोकांचे विचार फार पुढे गेलेत, त्यामुळे तो अजून तसाच आहे. आज साक्षात डॉक्टरांच्या हातून, त्याच अंगठीने—"

"अहो आई!"

तिसऱ्या रांगेतून काकूंची सून मृणालिनी उठली. खांद्यावर बाळ. तिचा नवरा समुद्रातल्या रिगवर ड्यूटीला होता, म्हणजे ही लढाई ती एकटीच लढत होती.

"बाटली पर्समध्ये घेऊन फिरताय तुम्ही?"

"मग काय करू? घरात ठेवली की तू फेकतेस. ही तिसरी आहे." काकूंनी भिंतीकडे हात केला. "बघ तिकडे! डॉक्टर आहे तो. मेक्सिकोला जाऊन चाटवून आला. आणि मला माझ्या नातवासाठी स्मगलिंग करायला लागतंय."

"आपल्या डॉक्टरांनी काय सांगितलंय? वर्षाच्या आत मध नाही."

"का म्हणून? कारण सांग ना चार लोकांत."

मृणालिनीने कारण सांगितलं. साडेतीन महिने रोज सांगून तिला ते पाढ्यासारखं पाठ झालेलं होतं. "त्यात एक जंतू असू शकतो. मोठ्यांना काही करत नाही. पण तान्ह्या बाळाच्या पोटात तो रुजतो आणि विष तयार करतो. दहा हजारांत एखाद्याला होत असेल, पण होतं. आधी शी बंद होते. मग आवाज बारीक होतो. मग पापण्या मिटतात. मग दूध ओढता येत नाही. मग श्वास."

श्रेयस शाल पांघरून ऐकत होता. तीच यादी. त्याच क्रमाने. फक्त मादरेने ती स्पॅनिशमध्ये लिहिली होती आणि मृणालिनी ती मराठीत म्हणत होती. हॉलच्या एसीत त्याच्या पाठीवरून घामाचा एक थेंब निघाला आणि थेट कमरेपर्यंत गेला.

"डॉक्टर समोर बसलेत, त्यांनाच विचारू की," वसंतराव म्हणाले. घरातलं भांडण त्रेचाळीस जणांपुढे आलेला माणूस जितक्या घाईने बोलेल तितक्या घाईने ते बोलले. "श्रेयस, ये वर. बोल बाबा. चालतो का मध?"

माइक हातात आला. शाल सरकत होती म्हणून त्याने नारळ काखेत धरला.

"मी डॉक्टर नाहीये," श्रेयस म्हणाला.

"काय विनय आहे बघा!" वसंतराव म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

त्या टाळ्या पडत असताना श्रेयसला दिसलं, की इथून सुटायला एक वाट आहे. मोठी, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना दिवे असलेली. तो माइकमध्ये म्हणाला, "काकू, वर्ष होऊ दे. वर्षानंतरच चाटवा. आता नको."

"पण तू तर—"

"तिकडचं हवामान वेगळं आहे," श्रेयस म्हणाला.

हवामानाचा इथे काही संबंध नव्हता. पण दोहातला मराठी माणूस हवामानाविषयी काहीही मान्य करतो. काकूंनी तोंड वाकडं करून बाटली पर्समध्ये टाकली. मृणालिनी जिंकली, वसंतराव वाचले, बाळ वाचलं. कुणालाच काही कळलं नाही. दिवे लागले, मसालेभात आणि जिलबीचा वास आला, आणि लोकांनी रांग लावली.

श्रेयस आपल्या खुर्चीवर येऊन बसला. त्याने हिशेब घालून पाहिला. एका परक्या देशात, एका पुरुषाने, खोलीत कुणी नसताना, नियम मोडून, एका अनाथ बाळाच्या तोंडात काहीतरी घातलं आणि विचारल्यावर 'नाही' म्हणून लिहून दिलं. हे वाक्य त्याने डोक्यात पुढून, मागून, आडवं धरून पाहिलं. कुठूनही ते बरं दिसत नव्हतं. मिशन काढून टाकेल, ते ठीक. पण तिथले पोलीस? इथली कंपनी? हॉस्पिटलात काम करायचा परवाना? नोकरी गेली तर व्हिसा गेला. आणि समजा, मधाने झालंच नसेल तर? दहा हजारांत एक, ती स्वतःच म्हणाली. मग उगाच कशाला?

हे 'मग उगाच कशाला' फार सोयीचं होतं. त्यावर तो साधारण चार मिनिटं बसून होता.

"थँक्यू हं." मृणालिनी शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. बाळ तिच्या खांद्यावर लाळ गाळत होतं. "तुम्ही बोललात म्हणून ऐकलं त्यांनी. माझं ऐकत नाहीत. पण एक विचारू? हवामानाचं काय ते?"

श्रेयस नारळाची शेंडी सारखी करत बसला.

"मग तुम्ही त्या बाळाला का दिलात?" तिने भिंतीकडे पाहिलं. प्रोजेक्टर कुणी बंद केला नव्हता. सिल्व्हेरियो दिव्यांच्या उजेडात पुसट दिसत होता. "बरं आहे ना ते?"

"नाही," श्रेयस म्हणाला.

या आठवड्यातलं हे त्याचं पहिलं खरं 'नाही' होतं. ते बाहेर पडलं आणि त्याच्या मागोमाग बाकीचंही पडलं: शी, आवाज, पापण्या, हॉस्पिटल, फॉर्म, सतरावा प्रश्न. मृणालिनी ऐकत होती. मध्येच तिने बाळाला खांद्यावरून खाली घेतलं आणि घट्ट मांडीवर धरलं.

"त्यांना माहीतच नाहीये? तिथल्या डॉक्टरांना?"

"नाही."

"किती वाजलेत तिथे?"

"सव्वादहा. सकाळचे."

"मग कर ना फोन!" तिचं 'तुम्ही' गळून पडलं होतं. "इथे काय बसलायस शाल पांघरून?"

"ते मला—"

"तुझं जे व्हायचं ते होईल रे. त्याचं आत्ता होतंय."

*

बाहेर दमट उकाडा. एसीतून आल्याबरोबर श्रेयसचा चष्मा पांढरा झाला. तो पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे उभा राहिला. अंगावर शाल, काखेत नारळ. दोन्ही ठेवायला जागा सुचत नव्हती. न बघताच त्याने मादरे इनेसला फोन लावला.

"सेन्योर लावादोरा?" मागे मुलांचा गलका होता. ती आश्रमातच होती.

श्रेयसला चाळीसेक स्पॅनिश शब्द येत होते. त्यांतले बरेचसे साबण आणि पाण्याच्या पाइपविषयी होते. पण जे तीन लागणार होते ते नेमके येत होते.

"मादरे. सिल्व्हेरियो. मिएल."

"मिएल?" मध?

"यो," श्रेयस म्हणाला. मी.

मागचा गलका चालूच होता, पण मादरे थांबली. ओरडेल असं त्याला वाटलं. भिंतीवरचा नियम तिने स्वतः रंगवला होता, चित्रासकट. ती ओरडली नाही. तिने हळू, एकेक शब्द तोडत विचारलं, कधी. किती. एकदाच का. त्याने सांगितलं. मग सपातांचा फटफट आवाज आला. ती धावत होती.

तिने आश्रमाच्या दुसऱ्या फोनवरून हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून धरले. त्यामुळे डॉक्टरीणबाईंचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा यायला लागला. इंग्रजी मात्र स्वच्छ होतं.

"मध. नक्की? कुठल्या तारखेला?"

श्रेयसने तारीख सांगितली. फोटो आहे, त्यावर वेळसुद्धा आहे, हेही सांगितलं.

"मंगळवारी तुम्ही 'नाही' असं लिहिलंत."

"हो."

"का?"

खलील, व्हिसा, अंगठा, भिंतीवरचं चित्र, नोकरी. एवढ्या सगळ्या सामानातून श्रेयसने तळाचं काढलं. "सोपं होतं," तो म्हणाला.

मग डॉक्टरीणबाई बोलल्या, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं अशा आवाजात. आज सकाळी बाळाला श्वासाच्या मशीनवर ठेवलंय. इन्फेक्शन समजून कालपासून जी औषधं देत होतो, त्यांतलं एक या विषाबरोबर उलट अपाय करतं. ते मी आत्ता बंद करते. यावरचं औषध आमच्याकडे नाही, बाहेरच्या देशातून मागवावं लागेल, दोन दिवस लागतील.

"तो वाचेल का?"

"यातून मुलं बरी होतात. आठवडे लागतात, पण होतात. काय झालंय ते वेळेवर कळलं तर." वेळेवर या शब्दापाशी त्या जरा थांबल्या. "आणखी कुणाला दिलात?"

"कुणालाच नाही. फक्त त्याला."

"खात्री आहे?"

"आहे."

"मंगळवारीही तुमची खात्री होती."

श्रेयस खरं बोलत होता. ते आता कुणाच्या उपयोगाचं नव्हतं, एवढंच.

डॉक्टरीणबाई मादरेशी भराभर स्पॅनिशमध्ये बोलल्या आणि त्यांचा फोन बंद झाला. मादरेने श्रेयसचा फोन बंद केला नाही. सपाता चालू लागल्या, एक दार उघडलं, आणि ते दार श्रेयसने ओळखलं. त्याच्या बिजागरीला त्यानेच तेल घातलं होतं. तान्ह्या मुलांची खोली. अकरा पाळणे, त्यांतला एक रिकामा.

मादरे काय करतेय ते पहिल्यांदा त्याला कळलं नाही. तिने एक नाव घेतलं. थोडी खुडबुड झाली. मग एक मूल झोपेतून उठून जोरात रडायला लागलं. "उनो," मादरे म्हणाली. एक.

मग त्याला कळलं. ती एकेकाला उठवून, तळव्याला चिमटा काढून रडवत होती. बारीक आवाज म्हणजे विष. मोठा आवाज म्हणजे ठीक.

दुसरं मूल पहिल्यापेक्षा मोठ्यांदा रडलं. श्रेयसने फोन कानात खुपसला. तिसऱ्याने दोन सेकंद लावले. त्या दोन सेकंदांत श्रेयसने नारळाची शेंडी उपटून हातात घेतली. मग तिसरंही भोकाड पसरून रडलं. रडा रे, तो म्हणत होता. आणखी मोठ्यांदा. घसा बसेपर्यंत. मुलं रडावीत म्हणून इतकी आस कुणी कधी लावली नसेल.

मधेच स्क्रीनवर 'आई' असं चमकायला लागलं. मृणालिनीकडून विजयालक्ष्मीकाकूंपर्यंत बातमी गेली होती, आणि काकूंपासून नाशिक सव्वा मिनिटावर आहे. त्याने कॉल घेतला नाही. पुन्हा चमकलं. चारदा. मग मेसेज आला: 'मी सांगितलं म्हणून तू केलंस. माझं नाव सांग त्यांना.' त्याच्या मागोमाग दुसरा: 'पूर्ण नाव सांग. माहेरचं पण.'

"सेइस," मादरे म्हणाली. सहा.

मागे पावलं वाजली. मृणालिनी बाहेर आली होती. ती काही न बोलता गाडीला टेकून उभी राहिली. गरम हवा लागली तसं तिच्या खांद्यावरचं बाळ जागं झालं आणि त्याने गळा काढला.

"किएन एस?" मादरेने तिकडून घाबरून विचारलं. हे कोण?

"नो, नो, मादरे," श्रेयस म्हणाला. "आकी." इथलं. इथलं आहे हे.

मृणालिनी बाळाला घेऊन चार गाड्या लांब गेली.

सात. आठ. नऊ रडली नाही. नऊ म्हणजे लुपिता, आठ महिन्यांची. तिला श्रेयसने मध सोडा, नुसतं बोटही लावलं नव्हतं, कारण ती चावायची. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी लुपिता जसजशी गप्प राहिली तसतसं त्याला ते कमी कमी ठाऊक व्हायला लागलं. त्या दिवशी अंगठी पुसली होती का? बाटली कुठे ठेवली होती? खाली सांडला होता का एखादा थेंब, रांगणाऱ्या मुलीच्या हाताला लागेल असा? मादरे तिचं नाव पुन्हा पुन्हा घेत होती. टाळी वाजवली. मग ती एकदम "आय!" म्हणून ओरडली आणि स्पॅनिशमध्ये असं काही बोलली, जे सिस्टर लोक बोलत नाहीत.

लुपिता तिलाही चावली होती.

"नुएवे," मादरे म्हणाली. आणि दहावं मूल तर चिमटा काढायच्या आधीच रडायला लागलं.

"दिएस." मग सपाता नाहीत, दार नाही. एवढ्या दहा आवाजांच्या मधे मादरेचा श्वास तेवढा जवळून ऐकू येत होता. श्रेयसने माफी मागायचा शब्द शोधला. चाळीसांत तो होता. पाइप फुटला तेव्हा त्याने तो वापरला होता. फुटलेल्या पाइपाचाच शब्द इथे त्याच्या जिभेवर येईना.

मादरेनेच विचारलं, तुमच्याकडे आता किती वाजलेत. त्याने घड्याळात पाहून सांगितलं. आठ वाजायला दहा मिनिटं कमी.

मग ती हळू, एकेक शब्द वेगळा करून बोलली, त्याला नक्की कळावं म्हणून. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, महिनाभर लक्ष ठेवायचं. उद्या पुन्हा. रोज. याच वेळी. आणि फोन तुम्ही करायचा. तुम्हीही ऐकायचं.

"सी, मादरे," श्रेयस म्हणाला. हो.

तिने फोन ठेवला. हॉलमधून कुणीतरी जेवायला हाक मारत होतं, बॅनरवरच्या नावाने, डॉक्टर, डॉक्टर करत.